बोट लागणाऱ्या बहिणी

आमच्या माहेरच्या पोटांना चाकं मानवत नाहीत. बाबांना बस लागायची, आत्याला झोपाळा लागायचा, आणि ताईला तर गाडीच्या सीटचा नुसता वास आला की पुरे, बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक. मी सगळ्यांत धाकटी, मला सगळंच लागायचं. मग मी काय केलं? गाडी चालवायला शिकले. हसू नका. स्टिअरिंग हातात असलं की मळमळत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्यानंतर मी ते सोडलंच नाही. ड्रायव्हिंग स्कूल काढलं. आमच्या शहरातली निम्मी माणसं माझी बोलणी खाऊन क्लच सोडायला शिकली आहेत. शिकवायच्या गाडीत मास्तराच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. तो मी इतक्या सढळ पायाने दाबते की पोरं पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात. मला दोन्ही चालतं.

ताईने मात्र भलतंच केलं. तिने दाजींशी लग्न केलं, आणि दाजींचा कारखाना होता होड्या दुरुस्त करायचा, तोही एका बेटावर. लग्नानंतर बोटीने तिथे पोचेपर्यंत तिचे जे हाल झाले, ते सांगून दाजी जन्मभर लोकांना हसवत राहिले. ताई नाही हसली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिने जाहीर केलं, "मी आता परत बोटीत पाय ठेवणार नाही." आणि नाहीच ठेवला. त्या बेटावर विमान उतरत नाही. मी पाण्यावर जायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी रोज फोनवर तासन् तास गप्पा मारणार, आणि मध्ये हे एवढं पाणी. आई गेली तेव्हाही ताई फोनवर रडली आणि मी फोन कानाला लावून बसून राहिले. या गोष्टीचा मला भयंकर राग येतो. ताईचा नाही हो, त्या पाण्याचा.

गेल्या वर्षी दाजी गेले. त्यानंतर ताई बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. शेजारीण देवमाणूस म्हणून निभावलं. फोनवर ताई नेहमीसारखी खिदळायची, पण मी काय आंधळी आहे? केव्हाही व्हिडिओ कॉल लावा, ती त्याच एका खुर्चीत. मागे तीच भिंत.

एक दिवस मी सांगूनच टाकलं. "ताई, सामान बांध. आमच्याकडे राहायला यायचं."

"कशी येऊ? पोहत?"

"बोटीने."

"मग राहू दे."

मी सोडणारी नव्हते. भांडले, रुसले, फोन आपटला, परत लावला. शेवटी ताई म्हणाली, "हे बघ धाकटे, तुझंही पोट माझ्याच पोटासारखं आहे. तू ये बोटीने. स्वतःच्या पायांनी उतर आणि माझ्यासमोर उभी राहून सांग की बाई गं, हे जमतं. मी त्याच बोटीत चढेन. पण तुला आडवी घालून उतरवली, तर मी इथेच मरेन आणि तू परत हा विषय काढायचा नाहीस. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आमची ताई शब्दाला पक्की. हो म्हटलं की हो, आणि नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

मग मी तयारीला लागले. पोराला लायसन्सच्या परीक्षेला बसवताना मी जशी हात धुऊन मागे लागते, तशी मी स्वतःच्याच मागे लागले. बेटावर जाणारी रोजची बोट लहान, पाण्यावर कागदासारखी उडते. ती नको. पर्यटकांचं मोठं जहाज फिरत फिरत तिसऱ्या दिवशी त्या बेटापाशी पोचतं, एक दुपार थांबतं आणि तिथून चढणाऱ्यांनाही घेतं, हे शोधून काढलं. ताईचंही तिकीट काढून ठेवलं. आमच्या यांना म्हटलं, "आपण लग्न झाल्यापासून सुट्टीवर गेलेलो नाही. सुट्टीची सुट्टी होईल आणि ताईही येईल." आमचे हे चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" एवढंच विचारत आलेले. ते म्हणाले, "बरं." त्यांचा बहुतेक संसार याच शब्दावर झालाय.

तिकिटं काढून देणारा मुलगा फार उत्साही. "मॅडम, सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढची खोली देतो. बाल्कनीतून नुसता समुद्र!"

"बाळा, बसच्या शेवटच्या सीटवरून खड्ड्यांतून गेलायस कधी?"

"हो."

"मग मला टोकाची खोली का देतोस? मला मधली दे. आणि खालच्या मजल्यावरची. जिथे जहाज सगळ्यात कमी हलतं तिथली."

"पण तिथून काही दिसत नाही, मॅडम."

"मला काही बघायचं नाहीये. मला उभं राहायचंय."

आमच्या डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी बोट लागू नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या, निघण्याआधीच सुरू करा म्हणून बजावलं. शिवाय सांगितलं की पोट रिकामं ठेवू नका आणि तडस लागेपर्यंत खाऊही नका, हलताना पुस्तकात डोकं घालू नका, नजर लांब ठेवा. मी मनात म्हटलं, हे तर मीच रोज दुसऱ्यांना सांगते. नजर लांब ठेवा, बॉनेटकडे काय बघताय! आल्याच्या वड्या घेतल्या, कोरडी बिस्किटं घेतली, मळमळ थांबवायला मनगटावर बांधायचे ते पट्टे घेतले. हे म्हणाले, "सगळं घेतलंस?" मी म्हटलं, "सगळं."

जहाज सुटलं आणि काय सांगू, पहिला दिवस नुसता लोण्यासारखा! पाणी शांत, ऊन कोवळं. मी डेकवर मधोमध खुर्ची टाकून क्षितिजाकडे बघत बसले आणि पोट गप्प. एकदाही काही नाही. मला तर माझाच अभिमान वाटायला लागला. मग काय, आमच्यातली मास्तरीण जागी झाली. शेजारी एक नवं जोडपं बसलेलं, ती मुलगी मोबाईलमध्ये तोंड घालून. "बंद कर तो," मी म्हटलं. "लांब बघ." पलीकडे एक गृहस्थ तेलकट नाश्त्याची भरलेली ताटली घेऊन चाललेले. त्यांना म्हटलं, "निम्मं परत ठेवा." त्यांनी चक्क ठेवलं. एका बाईच्या अत्तराचा भपकारा आला, तिला मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवलं. दुपारपर्यंत माझ्याभोवती दहाबारा जण खुर्च्या ओढून बसले होते आणि मी त्यांना पोट सांभाळण्यावर व्याख्यान देत होते.

"तू जहाजावर पण क्लास काढलास," हे म्हणाले.

"फी घेत नाही ना?"

"ते एक बरं आहे. पण तुझा पाय का हलतोय?"

मी खाली बघितलं. जहाज जरा झुललं की माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. लाट आली की दाबला, लाट आली की दाबला.

"इथे ब्रेक नाहीये गं," हे हसत म्हणाले.

"माहितीये मला," मी म्हटलं आणि पाय दुसऱ्या पायाखाली अडकवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. फार नाही, खलाशी तर शीळ घालत फिरत होते. पण जहाजाने एक संथ चाल धरली. वर, थांबा, खाली, थांबा. त्या 'थांबा'ने माझा घात केला. मी क्षितिज धरून ठेवलं, तर क्षितिजच कठड्याच्या वर आणि कठड्याच्या खाली व्हायला लागलं. आल्याची वडी तोंडात टाकली. ती गेली तशी आली. त्यानंतर जे जे पोटात होतं ते सगळं आलं, आणि जे नव्हतं तेही आलं. ज्या गृहस्थांची ताटली मी निम्मी केली होती, त्यांनीच मला दंडाला धरून खाली खोलीपर्यंत नेलं. वाटेत ते काहीच बोलले नाहीत. फार सभ्य माणूस.

खोलीत मी पलंगावर पडले आणि मला ताईची ती खुर्ची दिसायला लागली. ती खुर्ची आणि ती भिंत. उद्याच दुपारी बेट येणार. मला स्ट्रेचरवरून उतरवलेलं बघितलं की ताई मागे फिरणार, घरात जाणार, आणि त्याच खुर्चीत बसणार. ती तिथे एकटी मरणार आणि मी परत फोन कानाला लावून बसणार. मी रडले. मला रडायला अजिबात आवडत नाही, आणि उलटी होत असताना रडणं म्हणजे तर शुद्ध फजिती.

हे जहाजावरच्या नर्सला घेऊन आले. तरुण पोरगी, पण नजर माझ्यासारखीच, समोरच्याची चूक आधी दिसते. तिने नाडी बघितली, जीभ बघितली. "गोळी कधी घेतली?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"काकू, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना?"

हे बॅगेत शोधायला लागले. अगदी तळाशी, मोज्यांच्या खाली पाकीट सापडलं. न फोडलेलं. एकही गोळी कमी नाही. यांनी ते नाकापाशी धरून वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"का गं?"

आता काय सांगणार कपाळ! पाकिटावर छापलं होतं, 'गुंगी येऊ शकते, गोळी घेतल्यावर वाहन चालवू नये.' आणि हेच वाक्य मी आयुष्यभर घसा फोडून सांगत आलेय. सर्दीची गोळी घेऊन आलेल्या धडधाकट माणसाला मी गाडीतून खाली उतरवलंय. माझ्या स्कूलच्या दारावर पाटी आहे तशी. ते वाचलं आणि माझा हात आपोआप मागे आला. एवढ्या मोठ्या प्रवासाला निघालोय आणि गुंगीची गोळी? छे, छे! मी विचारसुद्धा केला नाही. पाकीट तळाशी सारलं आणि आलं, बिस्किटं, पट्टे यांच्यावर भिस्त ठेवली.

मी हे कसंबसं सांगितलं. मग आमचे हे, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अगं बाई, जहाज कॅप्टन चालवतोय."

नर्सने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की दोन्ही एकदम बाहेर पडलं.

मग तिने कडक शब्दांत समजावलं. गोळी आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आता इंजेक्शनच द्यावं लागेल. उताणं पडायचं, डोकं हलवायचं नाही, डोळे मिटायचे, पाणी घोटाघोटाने. "आणि काकू, तुम्ही लाटेशी भांडताय. सगळं अंग आवळून धरलंय. पाय सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडला."

नव्हताच सोडला. पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर मी तो रोवून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी चालत्या वाहनात ब्रेकवरचा पाय काढला. जहाज वर गेलं, मी वर गेले. खाली आलं, मी खाली आले. हे शेजारी बसून माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवत राहिले, आणि मला केव्हा झोप लागली ते कळलंच नाही.

उठले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते! मी कोरडी बिस्किटं खाल्ली, ती राहिली. वेळ झाल्यावर नर्सने दिलेली गोळी घेतली, तीही राहिली. डोळ्यांवर झापड होती, तोंड कोरडं पडलं होतं, पण पोट माझं ऐकत होतं. नर्सला मी ताईची सगळी हकिगत सांगितली. ती शहाणी निघाली. तिने बेटावरच्या डॉक्टरांना फोन लावून ताईचं वय, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचा काही त्रास आहे का, सगळं विचारून घेतलं आणि तिला कोणती गोळी चालेल ते ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेट दिसायला लागलं तेव्हा मी आरशासमोर उभी होते. चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले.

"थोडी पावडर लाव," हे म्हणाले. "हसत हसत उतर. कालचं काही सांगायची गरज नाही. तू चालत उतरतेयस, एवढीच अट होती ना?"

मलाही तेच वाटत होतं. मी पावडर लावली.

मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं. छोट्या मोटारबोटीने आम्हाला धक्क्यावर नेलं. आणि तिथे, शेजारणीच्या आधाराने, चार पायांच्या काठीवर रेलून, माझी ताई उभी होती. फोनच्या पडद्यापेक्षा किती लहान दिसत होती! केस सगळे पांढरे. हातात काही सामान नव्हतं.

मी हसले, हात हलवला आणि ताठ मानेने धक्क्यावर पाऊल ठेवलं. आणि जमीन हलली. खरंच सांगते, सिमेंटचा धक्का, पण माझ्या पायांखाली तो लाटेसारखा वर आला आणि खाली गेला. पाण्याची सवय झालेल्या पायांना जमिनीवर असं होतं म्हणे, थोड्या वेळाने जातं. मला कुठे माहीत? मी दारू प्यायल्यासारखी तिरकी गेले आणि यांचा खांदा धरला.

ताई बघत होती. कपाळाला आठी.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मिठी मारायची होती, पण ती नुसती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती.

"लागली का गं तुला बोट?" तिने विचारलं.

मी आयुष्यात नापास होणाऱ्या एकाही पोराला पास म्हटलेलं नाही. तिथे उभं राहून मला खोटं बोलता येईना.

"लागली," मी म्हटलं. "वाईट लागली. काल सगळी सकाळ मी मरायला टेकले होते. पावडर लावलीय म्हणून बरी दिसतेय."

यांनी डोळे मिटून घेतले.

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय? गोळी घेतलीच नव्हती मी. मूर्खपणा माझा. नर्सने इंजेक्शन दिलं, झोपले, उठले, बिस्किटं खाल्ली. आज ठीक आहे. पण आडवी झाले होते, ताई. तुझी अट होती, ती मी..."

"खाल्लेलं राहिलं?"

"राहिलं."

"आणि आज परत बोटीत बसलीस? मनात धास्ती असताना?"

"बसले."

ताईची आठी गेली. "अगं, मग असं सांग ना! मला काल फोनवर तुझा पत्ता नाही, तेव्हाच वाटलं होतं. आज तू म्हणाली असतीस की मला काही झालंच नाही, तर मी आल्या पावली घरी गेले असते. म्हटलं असतं, हिचं पोट सुधारलं, माझं थोडंच सुधारलंय? मला काही न होणारीचा काय उपयोग? होऊन उठलेली पाहिजे." मग ती शेजारणीकडे वळली. "आण गं ती बॅग. त्या दोरखंडांच्या मागे ठेवलीय."

मी तिथेच धक्क्यावर तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "हळू, माझा खुबा!" आणि ती म्हणत असतानाच मी तिला आणखी घट्ट धरलं.

मग आम्ही एकदा परत तिच्या घरी गेलो. घराला कुलूप लावताना तिने वेळ लावला, पण मी घाई केली नाही. निघायच्या आधी तिला दोन बिस्किटं खायला लावून गोळी दिली. यांनी स्वतः घड्याळ लावून गोळी पोटात मुरायला वेळ दिला. धक्क्यावर आल्यावर मोटारबोटीत मी पुढे बघणारी मधली जागा तिच्यासाठी अडवून ठेवली.

ताई आत आली, काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला तिकडे तोंड करून बसव. मागे."

"ताई, वेडी झालीस का? मागे तोंड केलं की पोट फिरतं. गोळी घेतली तरी फिरतं. पुढे क्षितिजाकडे बघायचं!"

"ते मला कळतंय."

"मग?"

"माझा सगळा संसार त्या बाजूला आहे," ताई म्हणाली. "त्याच्याकडे पाठ करून कशी निघू?"

तिला मी मागे तोंड करून बसवलं आणि शेजारी तशीच बसले. बोट सुटली. कारखान्याचं पत्र्याचं छप्पर, त्याच्या बाजूला तिचं घर, हात हलवणारी शेजारीण, सगळं हळूहळू लहान व्हायला लागलं. ताई पापणीही न हलवता बघत होती. अर्ध्या वाटेत तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले.

"होतंय का?" मी विचारलं.

"होतंय."

"तोंड फिरवू पुढे?"

"थांब," ती म्हणाली. "अजून छप्पर दिसतंय."

मी तिचा हात धरला आणि छप्पर दिसेनासं होईपर्यंत तिच्याबरोबर तिकडेच बघत राहिले.